मास्टर, आजचा तास द्याल?

मास्टरांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी असायची, आणि ती त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. "शिट्टी पोलिसास शोभते, नाहीतर कुकरास," असं ते म्हणायचे. मुलांना गोळा करायचं असलं की ते छत्री उघडत. मोठी काळी छत्री. ती फुलली की मैदानाच्या पार टोकाचं पोरसुद्धा धूम ठोकत त्यांच्यापाशी यायचं. मिटली की जो जिथे असेल तिथे थिजायचा. उचललेला पाय उचललेलाच, जांभई देणाऱ्याचं तोंड उघडंच. एकदा हेडमिस्ट्रेसबाई काहीतरी विचारायला खाली आल्या. मास्टरांनी आदरानं छत्री मिटली आणि बोलण्याच्या नादात विसरून गेले. दुसरीचा अख्खा वर्ग एका पायावर उभा. शेवटी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सार, पाय खाली ठेवू का? मुंग्या आल्या." मास्टर दचकले, त्यांनी घाईघाईनं छत्री उघडली, आणि सगळा वर्ग हेडमिस्ट्रेसबाईंच्या अंगावर धावून गेला.

त्यांच्याविषयी लिहावं असं कितीदा तरी मनात आलं. पण मास्टरांबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी नवऱ्यालाही कधी धड सांगितली नव्हती. मी मुळातच कमी बोलणारी. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते.

आम्ही सांगलीहून चेन्नईला आलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी. श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. कंपनीची बस त्याला पहाटे घेऊन जायची आणि शिफ्ट संपली की आणून सोडायची. वेस्ट मांबलममध्ये घर घेतलं भाड्यानं, आणि जवळच्याच एका लहानशा प्रायमरी शाळेत मी गणित शिकवायला लागले. तमिळचा गंध नव्हता. इंग्रजीवर आणि हातवाऱ्यांवर चाललं होतं. पहिल्याच आठवड्यात, डबा खाऊन उठत होते, तर एक ढेरपोटे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि कॅनव्हासच्या बुटांना फळ्यावरचा खडू फासून पांढरं केलेलं.

"बाई, तुम्ही मराठी," ते म्हणाले.

मी बघतच राहिले. चेन्नईत मला बाई म्हणणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"डब्याच्या वासानं. भाजीत शेंगदाण्याचं कूट. असं धाडस इकडे कुणी करत नाही." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आम्ही पण मराठी. तंजावरचे. पूर्वज आले होते थोड्या दिवसांसाठी. परत जाणें होतं. गाडी चुकली."

शाळेचे पी.टी. मास्टर ते हेच. त्यांचं मराठी जुन्या बखरीतून उठून, तमिळ हेल काढत आलेलं. मला ते जसंच्या तसं लिहिता येत नाही. कानाला आठवतं तसं लिहिते. 'हवं' असं ते म्हणत नसत, 'होणें' म्हणत. 'सगळे' म्हणायचं तर 'अस्की'. आणि वाक्य संपतासंपता कुठून तरी एखादं 'पा' येऊन चिकटायचं. माझं बोलणं ऐकून मात्र त्यांना हसू यायचं. "तुम्ही रेडिओवर बातम्या दिल्यासारखं बोलता, बाई. भीती वाटते, कुणीतरी गेलं म्हणून सांगताय की काय."

पी.टी. मास्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो माणूस येतो त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. पोट होतं, एक गुडघा आखडलेला होता, आणि स्वतः पळायला त्यांचा साफ नकार होता. "मी पळालो तर पोरं बघत बसतील. बघायास सिनेमा आहे की." पण एक गोष्ट ते स्वतः करून दाखवत, ती म्हणजे पडणं. पहिलीत नवीन आलेल्या मुलांना पहिला आठवडाभर ते फक्त पडायला शिकवत. मैदानाच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकलेला असायचा. "हात पुढे नाही, खांद्यावर. अंग गोल. लाडूसारखं." आणि मग मास्टर स्वतः, पांढऱ्या कपड्यांसकट, लाडूसारखे वाळूत पडायचे. पडणं छान जमायचं, उठणं नाही. मग पहिलीतली पोरं त्यांचे हात धरून ओढायची, कुणी मागून ढकलायचं, आणि ते उठवणंच एवढं रंगायचं की मास्टर पुन्हा पडायचे. घरी जाऊन मुलं सोफ्यावरून पडून दाखवायची. एका आजींनी तर शाळेत येऊन भांडण काढलं. मास्टर शांतपणे म्हणाले, "पाटी," म्हणजे आजी, "त्याला लागलं का?" नव्हतं लागलं. "मग?" आजी म्हणाल्या, "मला लागलं. मी धावले आणि टीपॉयवर आपटले." मास्टर म्हणाले, "वांगो पाटी, उद्या या. तुम्हासही शिकवतो."

आउट झालेलं मूल कडेला बसलेलं त्यांना खपायचं नाही. "जे आउट झालं त्याला जास्त पळणें पाहिजे, आणि त्यालाच बसवून ठेवता? हा कुठला न्याय?" म्हणून त्यांच्या खेळांत आउट झालेलं पोर लगेच दुसरं काहीतरी व्हायचं. कुणी झाड व्हायचं, कुणी सिग्नल, कुणी स्पीडब्रेकर. लंगडी खेळता खेळता तासाच्या शेवटी मैदानावर अख्खा ट्रॅफिक उभा राहिलेला असायचा, आणि त्यातून वाट काढत उरलेली दोघं-तिघं लंगडत असायची. तिसरीत एक जाडीशी, कुणाशी न बोलणारी मुलगी होती. ती मुद्दाम पहिल्यांदा आउट व्हायची, कारण तिला पाण्याचा टँकर व्हायचं असायचं. दोन्ही हात पसरून, तोंडानं घर्रघर्र आवाज करत ती निघाली की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, हा मास्टरांचा नियम. उन्हाळ्यात टँकर अडवायची कुणाची छाती आहे चेन्नईत?

ऊन हा तर त्यांच्या खेळाचा भिडू होता. सकाळच्या तासाला ते सावलीचा खेळ लावायचे: फक्त सावलीत पाय ठेवायचा, उन्हात पडला की गेलात. सकाळी कडुलिंबाची, इमारतीची, भिंतीची लांब सावली असायची, तेव्हा पळायला जागा भरपूर. जसजसं ऊन चढेल तसतशी सावली आखडायची आणि मुलं एकमेकांना मिठ्या मारून, एका पायावर, ओरडत, हसत एवढ्याशा तुकड्यात उभी राहायची. एक आई तक्रार घेऊन आली, मुलगी काळी पडतेय म्हणून. मास्टरांनी मुलीला बोलावलं. ती धापा टाकत आली, केस कपाळाला चिकटलेले, गाल फुललेले. "अम्मा, रंग नंतर बघा," ते म्हणाले, "आधी तोंड बघा हिचं." उन्हाचं कारण सांगून मास्टरांनी मुलांना आत ठेवलंय, असं मी कधी पाहिलं नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या.

आता माझी गोष्ट.

आपल्याकडे कुठल्याही शाळेत पी.टी.चा तास ही सार्वजनिक मालमत्ता असते. ज्याला कमी पडेल त्यानं उचलावा. त्यात गणितवाल्यांचा हक्क पहिला. चौथीचा माझा पोर्शन मागे पडला होता, युनिट टेस्ट आली होती, म्हणून मी एका बुधवारी खाली मैदानावर गेले.

"मास्टर, आजचा तास द्याल? फक्त आजच."

"काय राहिलं?"

"अपूर्णांक."

"घ्या हो बाई. अपूर्णांक होणें ते पूर्ण करा."

पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. पुढे पुढे तर मला विचारावंही लागायचं नाही. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दिसले की ते लांबूनच विचारायचे, "अपूर्णांक?" मी मान हलवायचे. ते हात उंचावून "घ्या" म्हणायचे. बुधवारी आणि शुक्रवारी पी.टी. असायची म्हणून मुलं त्या दिवशी हाउसच्या रंगाचे टी-शर्ट आणि पांढरे बूट घालून यायची. मी वर्गात पाय टाकला की एक लांब सुस्कारा निघायचा, सगळ्या वर्गाचा मिळून. मग मी छेद आणि अंश लिहायला लागायचे, आणि बाकांखाली ते पांढरे बूट सारखे हलत असायचे. मला दिसायचे. मी फळ्याकडे तोंड करायचे.

इतर शिक्षिकाही घेत होत्या तास. पण सगळ्यांत जास्त मी घेतले, हे मला माहीत आहे.

त्याच वर्षी स्पोर्ट्स डेला तो प्रकार झाला. शाळेचे मालक, ज्यांना इकडे करस्पाँडंट म्हणतात, ते शिस्तीचे भोक्ते. त्यांनी पाहुणे म्हणून एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. संचलन झालं, लिंबू-चमचा झाला. मग मास्टरांनी तिसरीच्या मुलांची एक शर्यत लावली. नियम एवढाच, की जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला. थांबायचं मात्र नाही, पाय हलत राहिले पाहिजेत. मास्टरांनी हे माइकवर नीट सांगितलं होतं, पण पालक मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायच्या गडबडीत. ऐकतंय कोण?

छत्री उघडली. शर्यत सुरू झाली. मुलं मुंगीच्या पावलानं निघाली.

"ओडुडा! ओडु!" पळ रे, पळ, म्हणून आया किंचाळायला लागल्या. मुलं त्यांच्याकडे बघून गोड हसत होती आणि आणखी हळू होत होती. एक बाप तर दोरी ओलांडून आत शिरला आणि मुलाला मागून ढकलायला लागला. ते पोर जीव तोडून ओरडलं, "अप्पा, ढकलू नका ना! मी हरेन!" पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. त्यांच्यासाठी आणलेली कॉफी गार झाली, दुसरी मागवली, तीही गार झाली. करस्पाँडंटनी स्वतः माइक हातात घेतला. "थँक्यू, थँक्यू चिल्ड्रन, रेस इज ओव्हर." तर मैदानातून एक समजुतीचा बारीक आवाज आला, "नाही सार. अजून नाही."

आमची टँकरवाली मुलगी जिंकली. बाकीची पोचली तेव्हा ती सुरुवातीच्या रेघेपासून जेमतेम हातभर पुढे आली होती. मग ती उरलेलं सगळं मैदान, आता पळायला हरकत नाही म्हणून, दोन्ही हात पसरून घर्रघर्र करत पळत आली, आणि तोवर खेळ कळलेल्या सगळ्या पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पोलीस अधिकारीसुद्धा हसले. करस्पाँडंट तेवढे हसले नाहीत.

एप्रिलमध्ये वर्ष संपताना स्टाफ मीटिंग झाली. एक स्पोर्ट्स कंपनी शाळेची पी.टी. चालवायला घ्यायला तयार आहे, रंगीत कोन, टी-शर्ट, सर्टिफिकेट सगळं देते, हे आमच्या कानावर आलं होतं. म्हणजे मास्टरांचं काय होणार हा प्रश्न होताच. आधी निकालांचं बोलणं झालं. चौथीचं गणित शाळेत पहिलं. करस्पाँडंटनी माझं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्टरांनीही, सगळ्यांत जोरात. नवऱ्याच्या कारखान्यात त्या वेळी उत्पादन बंद होणार अशी कुजबुज चालली होती, आणि मला जूनपासून कायम करायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. त्या टाळ्या मला किती हव्या होत्या ते मलाच माहीत.

मग करस्पाँडंट मास्टरांकडे वळले. "माझ्या खिडकीतून मैदान दिसतं. बुधवारी बघतो, रिकामं. शुक्रवारी बघतो, रिकामं. तुम्ही तास घेत नाही. मग शाळेनं तुम्हाला ठेवायचं कशासाठी, ते तुम्हीच सांगा."

तास घेतलेल्या सगळ्या जणी टेबलाकडे बघत होत्या. मीही. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. 'सर, ते तास मी घेतले.' ते वाक्य मी आज इंग्रजीत म्हणू शकते, मराठीत म्हणू शकते, आणि आता तर तमिळमध्येही म्हणू शकते. त्या दिवशी एकाही भाषेत निघालं नाही.

मास्टरांनी थोडी वाट बघितली. मग म्हणाले, "ऊन फार होतं, सार. म्हणून पोरांस वर ठेवलं."

त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे खोटं आहे. करस्पाँडंटनाही माहीत असावं. ते म्हणाले, "चेन्नईत ऊन कधी नसतं, मास्टर?"

"ते पण खरं," मास्टर म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते नव्हते. मी कायम झाले.

नवीन स्पोर्ट्स कंपनीला मी नावं ठेवणार नाही. शिकवायला येणारी तरुण मुलं उत्साही होती, मुलांना रंगीत कोन आवडायचे. रांगेत उभं राहून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं एवढंच. पण त्यांच्याशी करार होता, त्यामुळे त्यांचा तास कुणालाही मागता यायचा नाही. आणि ऐका, माझा पोर्शन तरीही वेळेत संपला. त्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षी. म्हणजे ते तास मला लागतच नव्हते. ही गोष्ट मी सगळ्यांत जास्त दिवस मनात दाबून ठेवली.

मास्टर माझ्या घरापासून दोन गल्ल्या टाकून राहायचे. मी भाजीला जायचा रस्ता बदलला. तरी कधीतरी कीरैवाल्याच्या गाडीपाशी दिसायचे, पालेभाजीची जुडी उलटीसुलटी करून बघत. मला बघितलं की लांबूनच हाक मारायचे, "बाई! बरं हाय का?" मी मोबाइल कानाला लावून, हात हलवून, पुढे जायचे. मोबाइलवर कुणी नसायचं.

अशी कितीतरी वर्षं गेली. नवऱ्याचा कारखाना बंद झाला, त्याला दुसरीकडे नोकरी लागली, आमची मुलगी कॉलेजात गेली, आणि मी प्रायमरीची हेड झाले. म्हातारे करस्पाँडंट गेले, त्यांचा मुलगा खुर्चीवर आला. गेल्या वर्षी त्या कंपनीनं आमच्यासारख्या लहान शाळा सोडून दिल्या. नवीन करस्पाँडंटनी मला सहज विचारलं, "मॅम, पी.टी.साठी तुमच्या माहितीत कुणी आहे?"

"आहेत," मी म्हणाले. इतक्या चटकन, की मीच चमकले.

त्यांच्या घराची बेल मी वाजवली. मास्टरांच्या बायकोनं दार उघडलं. मास्टर आत खुर्चीत, धोतर आणि बनियन, पोट तेवढंच, केस सगळे पांढरे. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला आणखीच वाईट वाटलं. दवऱ्यात, त्या पसरट वाटीत, कॉफी आली. शाळेत परत या, असं म्हणायला आले होते; पण मी ते आधी बोलले असते तर जे कबूल करायचं होतं ते राहून गेलं असतं. म्हणून मी कॉफीला हात न लावता सगळं बोलून टाकलं. तुमचे तास मी घेतले. त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसले. तुम्ही उन्हावर ढकललंत, मला वाचवायला, आणि तुमची नोकरी गेली.

मास्टर ऐकत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"तुम्हास वाचवायास? बाई, मी तुम्हास नाही वाचवलं. मी मला वाचवलं."

मला काही कळेना.

"तुम्ही जिन्यात दिसलात की मला किती बरं वाटायचं, ठाऊक आहे? गुडघा ठणकत असायचा. तुम्ही 'फक्त आजच' म्हणायचात, मी मनात म्हणायचो, आज काय, उद्या पण घ्या. लिंबाखाली खुर्ची, हातात पेपर, गार वारा. तुमचे अपूर्णांक म्हणजे माझी सुटी."

"पण मग मीटिंगमध्ये..."

"तुमचं नाव सांगतो, तर त्यांनी विचारलं असतं, तुम्ही दिलात काय म्हणून? काय सांगणार? पेपर वाचणें होतं?"

आतून बायकोचा आवाज आला, "घरी पण तेच, बाई. नारळ फोडा म्हटलं की गुडघा. जेवायास वाढलं की गुडघा नाही."

मी हसले, पण मला फसवल्यासारखंही झालं. इतकी वर्षं एकटीनं सांभाळलेला अपराध. त्यांनी त्यातला अर्धा उचलून स्वतःच्या पानात वाढून घेतला, आणि तोही चवीनं. मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं.

"पोरं बूट घालून यायची हो," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही घेतलात, मी दिला. त्यांस कुणी विचारलंच नाही. आणि त्यात भर म्हणून मी उन्हाचं नाव सांगितलं. आयुष्यभर पोरांस सांगितलं, ऊन आपलं दोस्त आहे. आणि अडचण आली तेव्हा त्याच्याच अंगावर ढकललं. नोकरी गेली ते नाही एवढं लागलं."

ती मुलं आता मोठी झाली. कुणी कॉलेजात असेल, कुणी नोकरीला. त्यांना ते बुधवार आठवतही नसतील. आम्ही दोघांनी गार कॉफी प्यायली.

यायला मात्र ते लगेच तयार झाले. आठवड्यातून मोजके दिवस, फक्त सकाळी. "येतो. पण एक सांगून ठेवतो, बाई. मी अत्ता पण आळशीच आहे."

जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि ते वाक्य बोलले. तेव्हाचे तास मी घेतले होते, आणि विचारलं तेव्हा गप्प बसले होते. नवीन शिक्षिकांना काही संदर्भच लागला नाही. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. पण जुन्या तमिळ मिस हातातल्या बांगड्या फिरवत होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी पण. शुक्रवारचे." मग ड्रॉइंगच्या मिस म्हणाल्या, "माझेही थोडे आहेत." करस्पाँडंटचा मुलगा समोरचा कागद उलटत म्हणाला, "ओके. नेक्स्ट पॉइंट?" मी म्हणाले, नेक्स्ट पॉइंट हाच आहे. या शाळेत पी.टी.चा तास यापुढे कुणी मागायचा नाही.

मास्टर आले. नवीन मुलांना पडायला शिकवू लागले. आता त्यांना उठवायला तिसरीची मुलं लागतात, पहिलीच्यांना झेपत नाही. दिवस छान चालले होते.

परवा पाचवीची गणिताची टीचर माझ्या खोलीत आली. कोइमतूरची मुलगी, नवीन, मेहनती. कडेवर वह्यांचा गठ्ठा.

"मॅम, आज मी पाचवीची पी.टी. घेतेय. टेस्ट आहे. फक्त आजच."

"पी.टी. कुणी घ्यायची नाही, हे ठरलंय ना आपलं?"

"हो मॅम, पण मी मास्टर सारांना विचारलं," ती निरागसपणे म्हणाली. "ते लगेच हो म्हणाले. वाक्य पूर्णसुद्धा करू दिलं नाही मला."

मी उठले. "मुलांना खाली पाठव," तिला सांगितलं, आणि जिना उतरून मैदानावर गेले. मास्टर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. पेपर उघडलेला. पाय समोरच्या स्टुलावर.

"मास्टर."

त्यांनी पेपरच्या वरून बघितलं. "बाई, ती पोरगी रडायच्या बेतात होती हो. पोर्शन..."

"उठा."

"गुडघा..."

"गुडघा घेऊनच उठा. मुलं बूट घालून आली आहेत."

मी एवढ्या मोठ्यानं शाळेत कधी बोलले नव्हते. वरच्या खिडक्यांत डोकी दिसायला लागली, वॉचमन गेटपाशी उभा राहून बघत होता. मराठीतून चाललं होतं म्हणून शब्द कुणाला कळले नसतील, पण मॅम पी.टी. मास्टरांना रागवतायत एवढं सगळ्यांना कळत होतं. मास्टरांनी पेपरची नीट घडी केली, स्टुलावरून एकेक पाय खाली घेतला, आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हास एवढं बोलायास येतं?"

"येतं. उठा आता."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकून, कण्हत, कुरकुरत ते खुर्चीतून वर यायला लागले. तोवर पाचवीची मुलं दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरत होती.